रेक्टरबाईंचे केस

रेक्टरबाईंना वसतिगृहातल्या मुली पाठमोऱ्या अधिक नीट ओळखता येत. समोरून आलेल्या मुलीला त्या हमखास दुसऱ्याच नावाने हाक मारीत. हजेरी घेताना तर इतका गोंधळ उडे की शेवटी आम्हीच आपापली नावे सांगून मोकळ्या होत असू. पण तीच मुलगी मेनरोडच्या गर्दीत एखाद्या बांगड्यांच्या दुकानाकडे तोंड करून उभी असली, तर बाई पलीकडच्या फुटपाथवरून तिला अचूक हाक मारीत. कारण सरळ होते. दर रविवारी त्या आमच्या पाठीमागे बसून वेण्या घालीत. आमच्या चेहऱ्यांपेक्षा आमच्या डोक्यांशीच त्यांचा संबंध अधिक होता.

मी मनमाडहून नाशिकला रसायनशास्त्र शिकायला आले ती नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. वडील रेल्वेत होते, घरी मी एकटीच मुलगी, आणि कमरेखाली जाणाऱ्या केसांचा आईला अभिमान होता. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या त्या लहानशा वसतिगृहात पहिल्या महिन्यातच त्या केसांचा काथ्या झाला. मी लगेच निदान केले. तिथे बोअरिंगचे पाणी होते. त्यातल्या क्षारांचा साबणाशी चिकट साका होतो, तो केसांवर बसतो, चमक जाते आणि केस एकमेकांत अडकतात. शेवटच्या तांब्यात लिंबू पिळले तर साका सुटेल. हे सारे मी बाईंच्या दारात उभी राहून, क्षारांच्या नावांसकट समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे लिंबू पिळायचं?"

"हो."

"मग इतका वेळ काय सांगत होतीस?"

पण पुढच्या रविवारी मागच्या अंगणात लिंबांची परडी ठेवलेली होती. "ही मनमाडची म्हणते ते करून बघा गं," बाई सगळ्यांना म्हणाल्या, "शिकतेय, एखादी गोष्ट बरोबरही निघेल."

रविवारचा तो क्रम ठरलेला होता. अंगणात दगडी पायरीवर बाई बसत, खालच्या पायरीवर मुलगी. आधी कोमट खोबरेल तेल, मग नुसती बोटे, मग मोठ्या दातांचा लाकडी कंगवा, आणि तोही टोकाकडून. मुळाशी कंगवा घालून खाली ओढणाऱ्या मुलीच्या हातावर त्या चापट मारीत. "केस काय तुझ्या शत्रूचे आहेत का?" असा त्यांचा प्रश्न असे. न्हाण्याआधी गुंता काढायचा, नंतर नाही, आणि दिवेलागणीनंतर कंगव्याला हात लावायचा नाही, हे त्यांचे नियम होते. पहिल्या नियमाला शास्त्रीय आधार असल्याचे मी त्यांना कळवले. दुसऱ्याला नाही, हेही कळवले. त्यांनी दोन्ही निरोप सारख्याच मुद्रेने स्वीकारले.

मात्र त्या पायरीवर केसांखेरीज आणखीही काही सुटत असे. घरची आठवण येणाऱ्या मुली तिथे रडत. बाई कुणाचे तोंड आपल्याकडे वळवीत नसत, डोळे पुसा म्हणत नसत, उपदेश तर मुळीच करीत नसत. हात चालू ठेवून फक्त "मग?" असे विचारीत. माझी खोलीतली सोबतीण सुरेखा, सायखेड्याच्या शेतकऱ्याची मुलगी, म्हणायची, "बाईंच्या पुढं बसलं का तोंड आपोआप उघडतं बघ. समोर भिंतच असते ना, लाज कोणाची वाटायची?"

बाईंचे स्वतःचे केस मोकळे सुटलेले आम्ही कुणीच पाहिले नव्हते. अंबाडा एवढा मोठा होता की पदर त्यावर ठरत नसे, यावरून लांबीचा अंदाज आम्ही बांधायचो. त्या न्हात असत ते आम्ही कॉलेजात असताना. आम्ही परतेपर्यंत अंबाडा जागच्या जागी बसलेला असे. एका रविवारी, सगळ्यांच्या वेण्या झाल्यावर, मी सहज म्हणाले, "बाई, आता तुम्ही खाली बसा. मी घालते." त्यांनी कंगव्याचे दात पुसले, तेलाच्या वाटीवर झाकण ठेवले.

"नको गं. कुणाच्या हाताची सवय लागली की रविवार अडतो."

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत वसतिगृह रिकामे झाले. स्वयंपाकाच्या मावशीही गावी गेल्या. बाई मात्र, "इमारतीला कुणीतरी हवं," असे म्हणून दरवर्षीप्रमाणे थांबल्या आणि धनत्रयोदशीच्या आसपास न्हाणीघरात घसरून पडल्या. उजवा हात मनगटावर मोडला. प्लास्टर कोपरापर्यंत गेले. पुढे जे झाले ते निव्वळ मायेपोटी झाले. नरकचतुर्दशीला शेजारच्या घरातल्या एक बाई पहाटे आल्या. दिवाळीच्या पहिल्या दिवशी कुणी बिनान्हाण्याची राहावी हे त्यांना सहन होईना. त्यांनी बाईंचा अंबाडा सोडला, सगळे केस डोक्यावर गोळा केले, त्यावर तेल थापले, उटणेही डोक्यापर्यंत नेले, आणि बोअरिंगच्या पाण्यात साबण लावून दोन्ही हातांनी खसाखसा चोळले. मग ते ओले केस टॉवेलात गुंडाळून फराळाचे ताट ठेवून त्या आनंदाने घरी गेल्या. एका हाताने बाईंना पुढे काहीच करता आले नाही. तेल, पीठ आणि साका यांनी मिळून सुटी संपेपर्यंत त्या केसांचा नमदा केला, दाबून घट्ट बसवलेल्या लोकरीसारखा.

आम्ही परतलो तेव्हा बाईंच्या डोक्याला सुती ओढणी घट्ट बांधलेली होती. पहिल्या रविवारी त्या अंगणात आल्याच नाहीत. आल्या त्या निफाडहून शकुंतलाबाई, म्हणजे बाईंच्या धाकट्या भावाची बायको. पायात चप्पल, खांद्याला पिशवी, बोलण्यात घाई. बाईंच्या खोलीचे दार उघडेच होते आणि सुरेखा व मी चहा घेऊन उभ्या होतो, त्यामुळे सारे आमच्यासमोरच झाले. ओढणी सोडून त्यांनी नणंदेचे डोके पाहिले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे देवा! वन्सं, हे काय करून ठेवलं? आता कात्रीबिगर इलाज नाय."

"शकुंतला, हळू बोल. मुली आहेत."

"असू द्या. आत्ताच बागेची छाटणी उरकून आलेय, तुमची बी उरकते. अन् चला घरी. स्वतःची वेणी घालता येईना, या पोरी काय सांभाळणार तुम्ही? तुमचे भाऊ रोज विचारतात, ताईला कधी आणतेस."

बाईंनी डाव्या हाताने ओढणी परत डोक्यावर ओढली. मग म्हणाल्या, "पुढच्या रविवारी ये. तोवर हे सुटलं तर मी इथंच राहीन. नाही सुटलं तर तू काप, आणि मी मुकाट येईन."

"कोण सोडवणार?"

मी चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताजवळ ठेवला आणि म्हणाले, "मी सोडवीन."

त्या अटीत तर्क काहीच नव्हता हे मला तेव्हाही कळत होते. केसांच्या गुंत्याचा आणि नोकरीचा काय संबंध? पण बाईंच्या दृष्टीने सारे राहणेच त्या गुंत्यात अडकले होते: त्यांची खोली, त्यांचा रविवार, कुणावर न टेकता काढलेली इतकी वर्षे. आणि माझ्यापुरते बोलायचे तर, नाशिकमध्ये मला अधूनमधून "मग?" असे विचारणारे दुसरे कुणी नव्हते.

रोज सकाळी कॉलेजआधी आम्ही पायरीवर बसू लागलो. यावेळी बाई खाली, मी वर. गुंत्याला पाणी लावायचे नाही हे ठरलेलेच होते. कोमट तेल कडेकडेने मुरवायचे, विणायच्या सुईच्या टोकाने एकेक धागा मोकळा करायचा, सुटलेली बट चिमटा लावून बाजूला ठेवायची आणि पुढची घ्यायची. न सुटणारा भाग बोटांत चिमटून धरायचा, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही. सुरेखा कोपऱ्यावरच्या पालिकेच्या नळावरून बादली भरून आणी. धरणाचे ते पाणी मऊ होते, आणि सुटलेल्या बटा आम्ही त्यातच शिकेकाईने धुऊन लिंबूपाण्याने निथळत होतो. सुटलेली प्रत्येक बट वाळली की बोटांतून घसरू लागे. "बाई," सुरेखा डोकावून म्हणे, "लय मोठं रान हाय हे. आत ससाबिसा निघाला तर मला सांगा."

"निघाला तर तुझ्याच ताटात वाढीन," बाई म्हणत.

एका सकाळी बाई आपणहून बोलू लागल्या. त्यांच्या समोर अंगणाची भिंत होती.

"शकुंतला नवी नवरी म्हणून आली तेव्हा आमची आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात बायका आम्ही दोघीच. रोज दुपारी मागच्या दारी ती माझी वेणी घालायची, मी तिची. फार हसायचो. मग तिला पोरं झाली, शेतीचं काम वाढलं. एक दिवस मी कंगवा आणि तेलाची वाटी घेऊन बसले. ऊन उतरलं तरी ती येईना. बोलावलं तर म्हणाली, वन्सं, तुमचं बरं आहे, तुम्हाला काय काम."

"मग?" मी विचारले.

"मग मी इथं नोकरी धरली."

"एवढंच?"

"एवढंच. मोठं भांडण असतं तर मिटलं असतं."

रविवार उजाडला तेव्हा मानेमागची एकच गाठ उरली होती, पण ती सर्वांत मोठी आणि दगडासारखी घट्ट. बाकीचे केस पायरीवरून खाली अंगणाच्या फरशीवर टेकले होते. करड्या रंगाचे, मऊ, उन्हात चमकणारे. फाटकातून आत आलेल्या शकुंतलाबाई ते पाहून थबकल्या. पिशवीतली कात्री त्यांनी बाहेर काढलीच नाही. पायरीजवळ येऊन त्यांनी माझा हात बघितला आणि म्हणाल्या, "पोरी, सर जरा. तुला ती गाठ दिसती, मला ठावकी हाय. वन्संचे केस तिथं पहिल्यापासून उलटे फिरतात."

मी उठले. त्या माझ्या जागेवर बसल्या, तळहातावर तेल घेतले आणि ते गाठीत मुरवू लागल्या. मग शकुंतलाबाई हळूच म्हणाल्या, "पोर अंगावर होतं माझं, वन्सं. रातभर तापलेलं. बोलून गेले मी. तुम्ही वाटी उचलून गेल्या, मागं वळून बी नाय पाहिलं."

"वळले असते तर रडले असते," बाई भिंतीला म्हणाल्या.

"मग रडायचं व्हतं. मी काय परकी होते?"

गाठ दुपारच्या आत सुटली. शकुंतलाबाईंनी वेणी घातली. ती बाईंच्या गुडघ्यापर्यंत गेली. अटीप्रमाणे बाई जिंकल्या होत्या. मी तसे स्पष्टपणे म्हणालेही: "बाई, सुटलं सगळं. आता तुम्हाला जायला नको." त्यांनी वेणी पुढे घेऊन तिचे टोक बघितले आणि डाव्या हाताने माझ्या गालाला स्पर्श केला. समोरून मला त्यांनी हात लावला तो तेवढाच.

"जिंकले ना? आता कुणी नेतंय म्हणून जायला नको. मला जायचंय म्हणून जाईन."

प्लास्टर निघाले की परत येते, असे त्या सांगून गेल्या. प्लास्टर निघाले असणार; त्या आल्या नाहीत. नव्या रेक्टर फार कार्यक्षम होत्या, त्यांची एकही हजेरी चुकत नसे. आम्ही मुलींनी रविवार चालू ठेवायचा प्रयत्न केला, पण हळूहळू अंगणाऐवजी दूरदर्शनच्या खोलीत गर्दी होऊ लागली, आणि मी खोलीत बसून माझी वेणी माझी मी घालू लागले. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी मी नाशिक सोडणार होते, त्याच सुमारास सुरेखा गावाहून परतली. निफाडच्या आठवडे बाजारात तिला बाई दिसल्या होत्या, शकुंतलाबाईंबरोबर वांगी निवडताना.

"तब्येत कशी आहे?"

"झ्याक."

"माझी आठवण काढली का?"

सुरेखा पिशवी उघडता उघडता थांबली. "नाय. खोटं कशाला सांगू? दोघी लय हसत होत्या, बोलायला सवडच नव्हती."

ऐकून बरे वाटले, असे मी तिला सांगितले, आणि ते बऱ्याच अंशी खरे होते.