ताईच्या हाडांचा आकडा

बावीस वर्षं तिनं एकाच लॅबमध्ये काढली. पाठीमागं सगळे तिला बर्फाबाई म्हणत, आणि तिला ते माहीत होतं. हाडांची झीज-भर सांगणारं एक प्रथिन रक्तात असतं, ते मोजायचं काम तिच्याकडं. त्याला पकडणारी अँटीबॉडी मोठी नखरेल. प्रथिन अख्खं असेल तरच हात धरणार, तुकड्यांकडं ढुंकून बघणार नाही. आणि रक्त तास-दोन तास उबेला राहिलं की तुकडे पडतातच. म्हणून बर्फाविना आलेली नळी ती आल्या पावली परत पाठवी. वॉर्डातल्या शिपायाला तिनं एकदा सुनावलं होतं, तुझ्या सासऱ्याची असली तरी चालणार नाही.

तिच्या थोरल्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं होतं. वर्षभर गोळ्या चालू होत्या. त्या प्रथिनाचा आकडा उतरला नाही तर रोज पोटात इंजेक्शन, असं डॉक्टरनं बजावलेलं. ताई सुईला वाघाला भ्यावं तशी भ्यायची. म्हणून तपासणीच्या सकाळी रक्त हिनंच घरी जाऊन काढलं. ताईनं चहा टाकला, भाचीच्या सासूचा विषय निघाला, आणि तो काही लवकर संपणारा नव्हता. नळी साखरेच्या डब्याला टेकून दीड तास उभी राहिली. बर्फाचा डबा पिशवीतच.

आकडा निम्म्यावर आला. तिनं लगेच फोन केला. ताई फोनवर रडली, मग शेजारणीला हाका मारायला गेली.

दुपारी हात धुताना तिला साखरेचा डबा आठवला. मशीन बरोबर होतं, अँटीबॉडी बरोबर होती; नळीतलं प्रथिनच तुकडे होऊन मोजणीतून सुटलं होतं. कुणाला कळलंही नसतं. तिनं रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: नमुना नाकारला. कारण, बर्फ नाही. आणणारी, मी. शिपायानं ते दोनदा वाचलं आणि आपल्या हातातली नळी बर्फात आणखी खोल खुपसली.

दुसऱ्या खेपेला नळी बर्फात गेली. आकडा जेमतेम हललेला. इंजेक्शनं सुरू झाली, टोचायला रोज हीच. पहिल्या दिवशी ताईनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"सांगितलं नसतंस तर काही मेले नसते मी."

"मेली नसतीस. परत पडली असतीस."

ताईनं डोळे गच्च मिटले. मग म्हणाली, "टोच आता एकदाची."

"कधीच टोचलं. बोळा दाबून धर."