फॅक्सचा रकाना

नानांनी फोन स्पीकरवर टाकला. पुण्याची एक बाई बोलत होती.

"माझ्या मुलाला शेंगदाणा चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. चार वर्षांत कधी चटणीची पुडी आली नाही. आताच कशी आली? काल दिवसभर आम्ही दवाखान्यात होतो."

मुलगा आता बरा होता. नानांनी माफी मागितली, फोन ठेवला आणि हाक मारली, "सुमनअक्का!"

नानांचं हे धुळ्यातलं दुकान खानदेशी मसाले, पापड, बिबड्या ऑनलाइन विकतं. प्रत्येक पार्सलात शेंगदाण्याच्या चटणीची एक पुडी भेट म्हणून जाते. मी जळगावचा. त्यांचं कॉम्प्युटरचं काम बघायला दर सोमवारी एसटीनं यायचो. वेबसाइट दुकानाच्या मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर चालायची. दिवाळीत ऑर्डरी वाढल्या की तो बंद पडायचा. म्हणून आम्ही क्लाउडवर गेलो. म्हणजे आपला सर्व्हर काढून टाकला आणि एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर भाड्यानं जागा घेतली. या हलवाहलवीला मायग्रेशन म्हणतात. काय न्यायचं आणि काय टाकायचं, हे त्यात कुणीतरी ठरवावं लागतं. इथं मी एकट्यानं ठरवलं.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाच्या नावापुढे फॅक्सचा रकाना होता. मी पहिली पन्नास नावं पाहिली. सगळीकडे रिकामा. फॅक्स आता कोण करतं? रकाना सोडून दिला. ग्राहकांची संख्या जुळली, ऑर्डरी जुळल्या. नानांना मेल टाकला, 'सगळा डेटा आला.' मग डिस्क आणि बॅकअप दोन्ही पुसले, भंगारात कुणाचे पत्ते जाऊ नयेत म्हणून.

सुमनअक्का आल्या. पॅकिंगवाल्या बायाही काम थांबवून ऐकू लागल्या. अकरा वर्षं ग्राहकांचे फोन त्याच घ्यायच्या.

"अक्का, कुणाला शेंगदाणा चालत नाही, हे लिहून ठेवायला नको?" नानांनी विचारलं.

"लिखेल शे ना, नाना. बठ्ठं लिखेल शे. फॅक्समा."

"सगळं फॅक्समध्ये लिहिलंय?" नाना म्हणाले. "उद्या म्हणाल, पोस्टाच्या पेटीत टाकलं."

अक्का समजावू लागल्या. सॉफ्टवेअरमध्ये शेरा लिहायला जागाच नव्हती. फॅक्सची ओळ मात्र पार्सलच्या चिठ्ठीवर छापली जायची, आणि पॅकिंगवाल्या बाया ती वाचायच्या. 'शेंगदाणा नको.' 'तिखट कमी.' 'साहेब वारले, फोनवर त्यांचं नाव काढू नये.'

नाना माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, साहेब. होतं का त्यात काही?"

मला तोवर सगळं कळलं होतं. मी म्हणालो, "रकाना रिकामाच होता, नाना." पहिल्या पन्नास नावांपुरतं ते खरं होतं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. भांडल्या नाहीत. "मग मीच विसरले असेन," म्हणाल्या. अहिराणी सोडून, बँकेत बोलावं तशा भाषेत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना फोनवरून काढून पॅकिंगला बसवलं.

तो माझा धुळ्यातला नेमाचा शेवटचा सोमवार. सगळं क्लाउडवर गेल्यावर तिथं जायची गरजच संपली. मी जळगावच्या खोलीत बसून स्क्रीन बघायचो. सगळे दिवे हिरवे. काही बिघडत नसे, त्यामुळे कुणाचा फोनही येत नसे. पूर्वी सोमवारी मी खोलीतून बाहेर आलो की अक्का विचारायच्या, "भाऊ, जेवले का?" आता दिवसभर माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही. आणि तो एक खोटा शब्द तेवढा आठवत राहायचा.

पाच आठवड्यांनी मी नानांना फोन केला आणि खरं सांगितलं.

"साहेब, हे त्या दिवशी बोलले असते तर?"

"भ्यालो, नाना."

"आणि अक्कांना मी पॅकिंगच्या बायांसमोर खोटं पाडलं."

नानांनी त्याच बायांसमोर अक्कांची माफी मागितली. त्या परत फोनवर बसल्या. मला मात्र काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये मी 'टीप' नावाचा रकाना केला. दहा मिनिटं लागली. तो दाखवायला मुद्दाम धुळ्याला गेलो. अक्कांजवळ एक जाड वही होती. एकेका ग्राहकाला फोन करून त्या पुन्हा सगळं विचारत होत्या.

"अक्का, चूक माझी होती."

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या.

"आता इथं लिहीत जा. हे कुठं जाणार नाही."

"बरं, साहेब." आणि त्यांनी पुढचा नंबर फिरवला.

टीपच्या रकान्यात त्यांनी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. वहीत लिहितात, आणि संध्याकाळी वही घरी नेतात.

या धंद्यातल्या नव्या माणसांना मी एवढंच सांगतो: कुठलाही रकाना टाकण्याआधी तो रोज वापरणाऱ्या माणसाला विचारा. ते राहून गेलंच, तर निदान तुम्हाला विचारतील तेव्हा खरं सांगा.