आबांची पहिली श्रद्धांजली

आमचे आबा दोनदा वारले.

पहिल्यांदा वारले तेव्हा ते ओसरीवर बसून शेंगा फोडत होते.

आज त्यांच्या दुसऱ्या, म्हणजे खऱ्या जाण्याला वर्ष झालं. पण गोष्ट पहिल्याचीच सांगते. नुसती रडायची पोस्ट मला जमत नाही आणि आबांना ती आवडलीही नसती.

आबा माझे सासरे. मी बारामतीत घरीच कांदा-लसूण मसाला आणि आमटीचं येसर करून विकते, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. नवीन मंडळींनी ऑर्डर द्यायला हरकत नाही.

धंदा सुरू केला तेव्हा ऑनलाइन कोर्सच्या मॅडमनी सांगितलं, रोज रील टाकायचं. एक दिवस खाडा झाला की लोक विसरतात.

मी घाबरले. नवऱ्याची माळेगावच्या साखर कारखान्यातली नोकरी हंगामापुरती, बाकी वर्षभर घर मसाल्यावर. लोक विसरले तर खायचं काय?

पण रोज नवीन दाखवायचं काय? मिरची काल लाल होती, आजही लालच.

मग मी आबांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. ते भाकरीच्या तुकड्याला मसाला-तेल लावून चाखायचे, तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, "चालंल."

बस्स, एवढंच. लोक त्या 'चालंल'वर फिदा. पेज माझं, मसाला माझा, फॅन आबांचे.

हळूहळू माझं डोकं कामातून गेलं. डोळे उघडले की पहिला विचार, आज काय टाकू? देवापुढं हात जोडताना अँगल दिसायचा. आबांना ठसका लागला की पाणी द्यायच्या आधी मनात यायचं, रेकॉर्डिंग चालू होतं का?

एकदा मी खोबरं भाजायला टाकलं आणि आबांचं रील घ्यायला बसले. टेक काही मनासारखा येईना. म्हटलं, आबा, जरा हसून बोला ना.

आबा म्हणाले, "सूनबाई, खोबरं जळतंय. ते बी हसून सांगू का?"

अख्खा घाणा करपला. मी तिथंच फरशीवर बसून रडले. मग फोन बंद केला आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिला.

त्यानंतर बरेच दिवस मी फोनला हात लावला नाही. दुपारची झोपलेसुद्धा. धंदा बुडतोय हे कळत होतं, पण कपाट उघडायची इच्छा होईना.

एका सकाळी दारात रिक्षा थांबली. आबांची धाकटी बहीण, पळसदेवच्या सगुणाआत्या, उतरल्या. डोक्यावर पदर, हातात मोठा डबा. फाटकातूनच त्यांनी हंबरडा फोडला.

आबांना वाटलं, हिच्याकडं कुणीतरी गेलं. त्यांनीही शेंगा बाजूला सारून डोळ्याला उपरणं लावलं. "कोण गेलं गं, सगुणे?"

आत्यांनी मान वर केली. आबांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तू," त्या म्हणाल्या.

झालं होतं असं. रील बंद, माझा फोन बंद, नवरा ग्रुप कधी उघडत नाही. भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, आबा दिसेनात, काय झालं का? त्याखाली एकानं नुसते हात जोडले. ते बघून दुसऱ्यानं RIP टाकलं. संध्याकाळपर्यंत झेंडूच्या फ्रेममध्ये आबांचा फोटो आणि भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो माझ्याच रीलमधला, तोंड वाकडं केलेला.

आणि मयतीचं आमच्याकडं फोनवर कुणी विचारत नाही. थेट जायचं असतं. त्या घरी चूल पेटलेली नसते, म्हणून पिठलं-भाकरी घेऊन जायचं असतं.

त्या दिवशी इंदापूरहून डबे आले, सुप्याहून आले. आबांनी प्रत्येकाचं पिठलं चाखलं. सुप्याच्या पिठल्यात मीठ कमी होतं, तेही तोंडावर सांगितलं. आत्यांच्या फोनवरच्या सगळ्या श्रद्धांजल्या वाचून घेतल्या. बांधावरून भांडणाऱ्या चुलतभावानं 'दिलदार माणूस' लिहिलं होतं, तो मेसेज तर परत वाचायला लावला.

आलेली माणसं ओशाळली होती. रिकाम्या हातानं कसं निघायचं, म्हणून प्रत्येकानं मसाला घेतला. दिवेलागणीपर्यंत फडताळ रिकामं.

सगळे गेल्यावर मी फोन काढला. म्हटलं, आता तुम्ही जिवंत आहात हे सांगायला तरी रील टाकावं लागेल.

आबांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि मांडीखाली ठेवला.

"पोरी, आज मी मेलो तरी मसाला खपला. तू चार दिस गप बसलीस म्हणून काय बुडत न्हाय. सांगण्याजोगं असंल तवा सांग. न्हायतर झोप काढ."

कोर्सच्या मॅडमनी सगळं शिकवलं होतं, पण झोप काढ असं कुणी म्हणालं नव्हतं. मला परत रडू आलं, पण ते वेगळं.

तेव्हापासून नवीन मसाला कांडून आला की पोस्ट, एरवी गप्प. काही गिऱ्हाइकं गेली. बरीचशी राहिली, थेट फोन करायला लागली. धंदा फार मोठा झाला नाही, पण टिकला. मीही टिकले.

दुपारी मी आबांसोबत ओसरीवर शेंगा फोडत बसायचे. त्या दुपारींचा माझ्याकडं एकही व्हिडिओ नाही. आणि त्याच मला सगळ्यात जास्त आठवतात.

गेल्या वर्षी आबा झोपेतच गेले. पुतण्यानं ग्रुपवर कळवलं.

खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकानं लिहिलं, 'आबा, या खेपेला आमी फसत न्हाय.' दुसऱ्यानं विचारलं, 'पिठल्यात मीठ किती टाकू?'

घरात आम्ही रडत होतो आणि फोनवर माणसं हसत होती.

तेवढ्यात सगुणाआत्यांचा फोन आला. या वेळी त्या थेट निघाल्या नव्हत्या.

"दादाला फोन दे," त्या म्हणाल्या. "त्यो बोलला की ठेवते."

मला रडू फुटलं.

त्यांनी ते रडणं ऐकलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "बरं. येते मी."

आबा, तुमच्याशिवाय घर फार शांत झालंय. तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.