सावल्या राहू दे

माझ्या मामाचं गाव दिघोरी. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, आणि त्या दिवशी त्या गावाच्या लेकी, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे असे सगळे येऊन थडकतात. मी भंडाऱ्यात वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, आणि इतक्या माणसांत काय बोलावं ते मला कधी सुचलेलं नाही. "मॅडम आली," असं कुणीतरी म्हणतं, सगळे हसतात, मीही हसते आणि मागच्या खोलीत जाते. तरी दिघोरीची मंडई मी चुकवत नाही, ती माझ्या मामेबहिणीसाठी. ती माझ्याहून मोठी. मी तिला ताई म्हणते.

लहानपणी आम्ही फारशा बोललो नव्हतो. ओळख खरी झाली ती एका खेळामुळे. नोकरी लागल्यावर मी हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी घेतला होता. जाडजूड मोबाइलसारखा दिसतो, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्याने ढकलायच्या दोन दांड्या, पण आत अख्खा कॉम्प्युटर. दोन मंडयांपूर्वी मी तो बरोबर नेला होता. लोकांत बसायचं नसलं की हातात काहीतरी असलेलं बरं असतं. मागच्या खोलीत धानाच्या पोत्यांना टेकून मी खेळत होते. ताई आली, शेजारी बसली, बराच वेळ नुसती पाहत राहिली आणि म्हणाली, "चुकीच्या बाजूनं चढून राहिली वो तू. हवा डावीकडून येते ना."

खेळ साधा होता. बर्फाचा एक डोंगर, एक मुलगी, तिच्या हातात कंदील. वाटेत सात चौक्या, प्रत्येक चौकीत एक दिवा लावायचा. मारामारी नाही, शत्रू नाही. फक्त वारा आणि तोल. हवा डावीकडून येते हे मला कित्येक दिवसांत कळलं नव्हतं. मी यंत्र तिच्या हातात दिलं, आणि त्या दिवसापासून तो डोंगर तिचा झाला.

वर्षातले दोन-तीन दिवसच ती खेळायची. पहिल्या मंडईला तीन दिवे लावले, दुसऱ्या मंडईला आणखी तीन. मधल्या वर्षभरात तिच्या हातात यंत्र नसायचं, पण बसली की एक-दोनदा घसरायची आणि मग अंगठा थेट योग्य जागी जायचा. "ते मोडकं झाड होतं ना, तथून उजवीकडं," असं ती म्हणायची, मामीच्या धानाच्या बांधीतल्या धुऱ्यावरच्या वाटेबद्दल बोलावं तसं. मी रोज खेळणारी. मला स्वतःच्या खेळातली वाट आठवड्याने आठवत नाही.

या वर्षी ताईचं लग्न ठरलं. सासर मोहाडीकडचं. सगळं धान निघालं की लग्न. मंडईच्या आधी तिचा फोन आला. ताई कधी फोन करत नाही.

"ते डोंगराचं आणशील ना वो?"

"आणते ना."

"एकच दिवा राह्यला. यंदा झाला त झाला. मंग कोण खेळू देते मले."

ती हे हसून म्हणाली. पण तेवढ्यासाठी तिने फोन केला होता.

दिघोरीत नेट म्हणजे बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर उभं राहिलं तर मेसेज जाईल इतपत. तिथे काही डाउनलोड होत नाही. घरून निघताना यंत्रात जे भरलं असेल तेच. आणि यंत्राची आतली जागा मोठी नाही. त्यातली बरीचशी एका नव्या, अवाढव्य खेळाने खाल्लेली. सुटीत तो खेळायचं मी केव्हाचं ठरवून ठेवलं होतं, दोन रात्री लावून उतरवला होता. म्हणून ताईचा डोंगर मी आतून काढून मेमरी कार्डावर हलवला. जुना खेळ आहे, कार्डावरही चालेल, असं मला वाटलं.

चालला, पण पूल येईपर्यंतच.

मंडईच्या आदल्या दिवशी लाखांदूरहून एसटी बदलून मी पोहोचले, तेव्हा लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू होती. ताई दुपारी शेतातून आली, हातपाय धुतले आणि ओल्या हातानेच "दे" म्हणाली. तिच्या उजव्या अंगठ्याला विळ्याने कापलेलं होतं, त्यावर चिंधी बांधलेली. चिंधी दांडीवर सरकायची, म्हणून ती अंगठ्याच्या पेराने दांडी ढकलू लागली. दहा मिनिटांत त्याचीही सवय झालेली दिसली.

सहाव्या चौकीच्या पुढे दरीवर दोरांचा पूल आहे. फळ्या मध्ये मध्ये नाहीत. उडी मारायची, वारा आला की वाकायचं, परत उडी. पडलं की सरळ खाली, सहाव्या चौकीपाशी. ताई पडली. पुन्हा गेली, पुन्हा पडली. चिडली नाही. दोन्ही ओठ आत ओढून ती फक्त पाहत होती, आणि मी तिच्याकडे.

"हे पाह्य," ती शेवटी म्हणाली. "पुलाच्या मधात आलं का हे अटकते. दरवेळेस तथीच. मी उडी मारली का हे क्षणभर थांबते, आन् सुरू होते तवा मी खाली."

मी तिला सांगितलं की कार्ड हळू आहे. पूल अर्धा झाला की पुढचा डोंगर कार्डावरून उचलून आणावा लागतो, तो वेळेवर येत नाही.

"म्हणजे डोंगर यायच्या आधी पोरगीच पोचते?"

"हो, तसंच."

"भारी आहे बापा!" ती इतकी हसली की मामी आतून ओरडली, "काय खीखी लावली वो पोट्ट्यांनी!"

मग ताईने यंत्राच्या दोषाभोवतीच वाट शोधायला सुरुवात केली. अटकायच्या आधीच्या फळीवर थांबून पाहिलं, पण थांबलेल्याला वारा उडवतो. धावत जाऊन पाहिलं. वाकून पाहिलं. एकदा तर ती पुलाच्या पलीकडे पोहोचलीच होती. पण घाई केली आणि शेवटच्या फळीवरून खाली गेली. तिने यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं. "उद्या पाहू," म्हणाली. पण उद्या मंडई होती, आणि मंडईला तिच्या होणाऱ्या सासरची माणसं येणार होती. ती माणसं पोहोचली की ताईला बसायला मिळणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. "तुझा तो दुसरा खेळ काढ," असं ती म्हणू शकली असती. तो दुसरा खेळ यंत्रात दिसतच होता. तिने विचारलंसुद्धा नाही.

सकाळी उठल्यावर मी तो काढून टाकला. यंत्राने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. त्याचं चित्र पडद्यावरून गेलं तेव्हा तो उतरवायला लागलेल्या दोन रात्री आठवल्या, खोटं कशाला सांगू. मग डोंगर कार्डावरून आत हलवायला लावला. यंत्राचा पंखा घरघरत राहिला, हिरवी पट्टी सरकत राहिली, आणि ती पूर्ण झाली तशी गावातली लाइट गेली. मंडईच्या दिवशी प्रत्येक दुकान, प्रत्येक पाळणा कुठून ना कुठून तार ओढतो, त्यामुळे ही जाते आणि संध्याकाळशिवाय येत नाही. बॅटरी अर्ध्याहून कमी उरली होती. माझी पॉवर बँक मोबाइलपुरती. या यंत्राला ती काही पुरत नाही.

ताई नवी साडी नेसून आली. गर्द जांभळी, पदराला पिन लावलेली, अंगठ्याला नवी चिंधी. पोत्यावर बसू लागली तशी मामी म्हणाली, "साडीले कोंडा लागंल ना वो! पाहुणे का म्हणतील?"

"झटकतो मी, माय."

मामी कपाळावर हात मारून चुलीकडे गेली. आज घरात वडे होते, मटण होतं आणि मोजदाद नसलेली माणसं.

मी ताईला परिस्थिती सांगितली. यंत्र पूर्ण ताकदीने चालवलं तर चित्र सुरळीत चालेल, पण बॅटरी पूल पार होईपर्यंत टिकणार नाही. ताकद निम्मी केली तर टिकेल, पण चित्रं सेकंदाला निम्मीच दिसतील. तिने निम्मी करून चार उड्या मारल्या.

"नाई. मी म्हणतो तवा पाय नाई उचलत हे. मागून उचलते."

मग आम्ही मधला आकडा ठरवला. पडद्याचा उजेड खोलीत जेमतेम दिसेल इतका खाली आणला. आणखी काय कमी करता येईल ते मी वाचून दाखवू लागले. बर्फाची चमक. काढ. दूरचे डोंगर. काढ. गवताची पाती. "बर्फात गवत कायले ठेवलं? काढ." सावल्या. यंत्राला सावल्यांचा भार फार असतो.

"काढ," ती म्हणाली.

काढल्या. बॅटरीचा अंदाज लगेच वाढला, मी खूश. ताई पुलावर गेली, पहिलीच उडी मारली आणि पडली. दुसऱ्यांदाही तिथेच. आता काही अटकत नव्हतं, तरी पडली. तिने डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं.

"सावल्या राहू दे," ती म्हणाली. "सावली नसली त पाय कुठी पडंल ते समजत नाई. फळीवर तिची सावली पडते, ते पाहूनच उडी मारत होती मी. दुसरं काई काढ."

मला त्या खेळातल्या सावल्या कधी दिसल्याच नव्हत्या. दिसल्या असतील, पण शोभेच्या वाटल्या असतील. मी त्या परत लावल्या आणि त्यांच्या बदल्यात सगळं चित्रच धूसर केलं. मुलीचा चेहरा पुसट झाला, डोंगराच्या कडा विरघळल्या. कुठलाही खेळणारा असं चित्र पाहून नाक मुरडेल. ताई म्हणाली, "हं. आता बरोबर."

ती पुलाच्या तोंडाशी होती तेव्हा बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"आले वो, आले! पाणी घे! ऊठ पोरी!" मामीचा आवाज तीन खोल्यांतून आला.

ताई उठली नाही. मी तिला लहानपणापासून पाहते. हाक आली आणि ती उठली नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. तिने फक्त पाय जमिनीवर नीट रोवले. पहिली फळी. दुसरी. वारा आला, वाकली. मी दाराकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. 

दारात एक उंच बाई उभ्या होत्या, पाय धुवायला मागे आलेल्या. ताईच्या होणाऱ्या सासूबाई. त्यांच्या मागे हातात तांब्या घेऊन मामी, आणि मामीचा चेहरा पाहवत नव्हता.

"काय करून राहिली हे?" त्यांनी मला विचारलं.

मला चारचौघांत बोलता येत नाही. पण ताई बोलू शकत नव्हती. मी म्हणाले, "काकू, तिला तो पूल पार करायचा आहे. पलीकडे दिवा लावायचा आहे. शेवटचा."

त्या आत आल्या. पदर सावरून आमच्या शेजारच्या पोत्यावर बसल्या आणि मान पुढे काढून पाहू लागल्या.

"पडली त?"

"परत खालून," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"मंग पडू नोको."

मामीने तांब्या खाली ठेवला. ताई पुलाच्या मध्यावर आली, काल जिथे सगळं थांबत होतं तिथे. उडी मारली. काहीच थांबलं नाही. डोंगर वेळेवर आला. फळीवर सावली पडली आणि सावलीवर पाय पडला. पुढची फळी, वारा, वाकणं, त्याच्या पुढची. कापलेला अंगठा पेरावर टेकून ती दांडी इतक्या हळू ढकलत होती की हात हलतोय असं वाटत नव्हतं. शेवटच्या फळीवरून ती काल घाईने पडली होती. आज थांबली, वारा जाऊ दिला आणि मग सरळ चालत पलीकडे गेली. उडीसुद्धा मारली नाही.

चौकी. बटण. दिवा लागला.

खेळ तिथे तुम्हाला डोंगराच्या टोकावर उभं करतो आणि खालचे सहाही दिवे दाखवतो. धूसर होते, पण सहाही होते. ताईने ते एकदा पाहिले. फार वेळ नाही. तिने दोन्ही हातांनी यंत्र सासूबाईंपुढे धरलं.

"धरा. वरून पाहा." आणि साडीचा कोंडा झटकत चहा ठेवायला गेली.

सासूबाईंनी यंत्र ताटासारखं आडवं धरलं. "सुंदर आहे वो," त्या मला म्हणाल्या. "हे इतके दिवे तिनंच लावले?"

"सगळे तिनेच. तीन मंडयांत."

"तीन!" त्यांनी मामीकडे पाहिलं, मामीने जमिनीकडे. तेवढ्यात त्यांचा अंगठा दांडीवर दाबला गेला. पडद्यावरची मुलगी चालू लागली. "अवं, हे चालून राहिली! थांबव ना, थांबव..." मी हात पुढे करेपर्यंत ती कड्याच्या टोकावरून खाली गेली होती.

"पडली वो पोरी!" त्या चुलीच्या दिशेने ओरडल्या. "माझ्या हातून पडली!"

आतून कपांचा आवाज आला, आणि ताईचा.

"पडू द्या! दिवा लागला ना?"

मी पाहिलं. मुलगी खाली बर्फात उभी होती, आणि वर, टोकावर, दिवा होता. "लागलेला आहे," मी मोठ्याने सांगितलं, आणि यंत्र बंद पडलं.