बरणीवरचा हात

ऐकू न येणाऱ्या गोष्टीवर आमच्या समोरच्या खोलीतल्या काकांइतकं प्रेम करणारा माणूस ठाकूरद्वारात दुसरा सापडायचा नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते रेडिओवर लांबची केंद्रं शोधत असतात. जवळचं केंद्र ऐकणं त्यांना कमीपणाचं वाटतं. "त्यात काय, ते तव्यावरसुद्धा लागेल!" एरियलची तार त्यांनी गॅलरीभर ताणली आहे. शेजारच्या वहिनींनी एकदा तिच्यावर ओला टॉवेल टाकला, तर काका दारातून ओरडले, "वहिनी, रत्नागिरी बुडवलीत!" चाळ समितीची कामं मी वहीत लिहिते, 'काकांची तार' हा विषय दर महिन्याला वहीत येतो आणि दर महिन्याला पुढे ढकलला जातो.

यंदा मात्र अडचण खरी होती. त्यांची ब्याऐंशी वर्षांची अक्का रत्नागिरीजवळ एकटी राहते. गुरुवारी दुपारी दोनला ती रत्नागिरी केंद्रावरून जात्यावरच्या ओव्या गाणार होती, थेट. आणि रत्नागिरी लावलं की मुंबईतलं एक दांडगं केंद्र त्यावर चढून बसायचं.

"अक्कांना फोनच करा ना," मी म्हटलं.

"फोनवर ती 'मी बरी आहे' म्हणते नि ठेवते. गाताना तिला खोटं बोलता येत नाही."

म्हणून काकांनी सापळा करायला घेतला. तारेचं वेटोळं आणि जुन्या रेडिओतला फिरवायचा कंडेन्सर एरियलच्या वाटेवर जोडायचा, दांडगं केंद्र लावायचं आणि त्याचा आवाज मरेपर्यंत कंडेन्सर फिरवायचा. मग ते एकटं दारात अडतं, बाकीची आत येतात. तार गुंडाळायला मी घासूनपुसून एक स्टीलचा डबा दिला. काकांनी दोन दिवस खपून सत्तर वेढे घातले. आवाज तसूभर कमी होईना.

"धातूचा डबा! वेटोळ्याचा जोर तोच खातो. सेक्रेटरीबाई, तुमचा नीटनेटकेपणा नडला." शेवटी माझी लोणच्याची प्लास्टिकची बरणी रिकामी झाली.

गुरुवारी दोनला दोन मिनिटं असताना दांडगं केंद्र गप्प झालं. काकांनी हात काढला, तर जाहिराती परत! हात जवळ नेला की शांत; सापळा हातासकटच जुळला होता. बरणी खिडकीशी, रेडिओ टेबलावर, आणि कान रेडिओला लावल्याशिवाय रत्नागिरी ऐकू येईना. तेव्हा काकांचा कान रेडिओला आणि बरणीवर हात माझा. वहिनी विरजण मागायला आल्या, तर काका खेकसले, "त्या आत्ता सापळ्यात आहेत!"

खरखरीतून बारीक ओवी आली. काका हसले. मग हसू हळूहळू मावळलं.

"ओळ मध्येच तुटतेय. पूर्वी चार एका दमात म्हणायची."

"खरखर असेल हो."

"खरखर मी ओळखतो. वहीत लिहा, रत्नागिरीचं तिकीट. उद्याचं."

"लिहिते. हात काढू?"

"नको. संपू दे तिचं."

काका रत्नागिरीला गेले त्याला आता दीड महिना झाला. अक्कांवर औषधं चालू आहेत, असं त्यांनी कळवलं. कधी येणार ते नाही. तार गॅलरीत तशीच आहे. परवा पाहिलं, वहिनी टॉवेल आत खुर्चीवर वाळत घालत होत्या. मी वहीतला तो विषय खोडून टाकला.