दादानं फोडलेला पुतळा

आमच्या दादानं आयुष्यात एकच पुतळा केला.
आणि तो स्वतःच्याच हातानं फोडला.

आज सकाळी दादा गेला.

व्हॉट्सअ‍ॅपवर फॅमिली ग्रुपमध्ये सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. पण ही गोष्ट नव्या पोरांपैकी कोणालाच माहीत नाही. म्हणून लिहिते. टाईप नात करते आहे, मी फक्त सांगते आहे.

दादा म्हणजे दामोदर. माझा थोरला भाऊ. नाचणगावचा गवंडी.

बाबा पुलगावच्या गिरणीत कामाला होते. छप्पन साली दसऱ्याला त्यांनी आम्हा सगळ्यांना दीक्षेसाठी नागपूरला नेलं. मी लहान होते. बाबांच्या खांद्यावर बसले होते. एवढ्या पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत साहेब मला दिसलेच नाहीत.

बाबा सारखे विचारत होते, "दिसले काय साहेब? पाह्यलं काय?"
मी म्हणाले, "हो."
एवढ्यावर त्यांना रडू फुटलं.

त्याच हिवाळ्यात साहेब गेले.

देशाची घटना लिहिणारा माणूस. जगानं मान दिला. पण आमच्या वस्तीत त्या दिवशी घरचं कोणी गेल्यासारख्या चुली विझलेल्या होत्या. मुंबईला जायला बाबा स्टेशनवर धावले, पण गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तसेच परत आले.

उन्हाळ्यात बाबांना विषमज्वर झाला. त्यातून ते उठले नाहीत.

जायच्या आधी दादाला म्हणाले, "दामू, साहेबाचा पुतळा झाला पाह्यजे आपल्या गावात. तूच करजो."

दादानं तोवर भिंती बांधल्या होत्या, ओटे बांधले होते. माणसाचं तोंड कधी केलं नव्हतं.

पण बाप सांगून गेला होता.

पेपरातला एक फोटो त्यानं भिंतीला चिकटवला. सळईचा सांगाडा, त्यावर सिमेंट-रेती. दिवसभर दुसऱ्याच्या कामावर जायचा, संध्याकाळी आला की मागच्या अंगणात पुतळ्यापुढे बसायचा. चष्मा केला सायकलच्या तारांचा. आम्हाला कोणाला पाहू द्यायचा नाही. ओलं गोणपाट झाकून ठेवायचा.

साहेबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी पुतळा वस्तीच्या मधोमध ठेवला. वर्ध्याहून एक वकील पाहुणे आले होते. त्यांनी कापड बाजूला केलं.

टाळ्या वाजल्या. आणि मधेच थांबल्या.

बाबांचे जिगरी दोस्त सखाराम बुवा पुढेच बसले होते. हळूच म्हणाले, "अरे... हा तर आपला गणपत हाय."

गणपत म्हणजे आमचे बाबा.

मागून कोणीतरी हसलं. मग गलका. एक जण ओरडला, "साहेबाची थट्टा लावली काय रे दामू?"

दादा पांढराफटक. "फोटो पाहूनच केलं भाऊ. मले नाई समजलं."

वकील साहेब भले माणूस. म्हणाले, "राहू द्या. पोरानं श्रद्धेनं केलं आहे. भावना महत्त्वाची." लोकही निवले. बुवा म्हणाले, "राह्यू द्या, राह्यू द्या. गणपत बी साहेबाचाच मानूस होता."

सगळं मिटलं होतं.

तेव्हा आमची माय उठली.

पुतळ्याजवळ गेली. पदरानं त्याच्या गालावरची धूळ पुसली. बराच वेळ पाहत राहिली. मग वळली.

"हे साहेब नाई. हे माहे मालक हायेत. उद्या पोरंसोरं यालेच साहेब समजतीन. साहेबाच्या जागेवर बसाची आपली टाप हाय काय? माह्या मालकाले हे चाललंच नसतं."

मग दादाला म्हणाली, "दामू, फोड."

दादा तिच्या पायाशी बसला. "माय, बाबाचा एक बी फोटो नाई आपल्या घरी."

"मले मालूम हाय. फोड."

दादानं हातोडा आणला. पण आधी पुतळ्याचा चष्मा काढून घेतला.

आणि समोर निव्वळ बाबा.

बुवांनी टोपी काढली. बायांनी तोंडं फिरवली. मी नाही फिरवलं. आज बाबांचा चेहरा आठवायचा म्हटलं की मला तोच आठवतो, सिमेंटचा. त्यांचा खरा चेहरा मला आठवत नाही.

दादानं फोडला. रडत नव्हता. घामानं ओला झाला होता.

शेवटी तुकड्यांकडे पाहून विचारलं, "हे कुठं टाकू?"

माय म्हणाली, "नवा चबुतरा बांधशीन त्याच्या भरणात टाक. साहेबाच्या पायापाशी राह्यतीन."

पुढे वर्गणी करून नागपूरहून पुतळा आणला. चबुतरा दादानंच बांधला. नंतर देवळीकडे, पार कारंजापर्यंत त्यानं चबुतरे बांधले. पुतळा कर म्हटलं की मान हलवायचा. "मी खालचं काम करतो, वरचं नाई."

मागच्या दिवाळीत मी नाचणगावला गेले होते. दादाला ऐकू कमी यायचं. कानाशी जाऊन विचारलं, "दादा, तेव्हा तुले खरंच समजलं नव्हतं?"



"कान करतानाच समजलं होतं," म्हणाला.

"मंग थांबला काऊन नाई?"

"थांबतोच म्हनलं होतं, बाई. पन वाटलं, अजून थोडं पाहून घेऊ."

दादा, आता आम्हाला तुझ्याशिवाय राहायचं आहे. तुझ्या धाकटीचा शेवटचा नमस्कार घे.