हैबतीतात्या पाण्यात उतरले नाहीत

उतरण्याआधी हैबतीतात्या चपला काढून काठावर जोडीनं ठेवत. ओंजळभर पाणी डोक्याला लावत. बुडालेलं माणूस बाहेर आणलं की आधी त्याचा शर्ट सारखा करत. मग कुणाकडे तरी बिडी मागत. ओढत नसत, नुसती बोटांत धरत. बोटांत बिडी असली की थरथर कुणाच्या नजरेस येत नाही, हे धनश्रीला फार उशिरा कळलं. पोहायला तिला तात्यांनीच शिकवलं होतं, तरीही.

भाटघर धरणाच्या पाण्याकाठी तात्यांचं दीड एकर रान. वीस वर्षांत त्यांनी सत्तावीस प्रेतं वर काढली. कुणी सांगितलं म्हणून नाही. दुसरं कुणी उतरत नव्हतं म्हणून.

यंदा भैरवनाथाच्या यात्रेत त्यांचा 'जलवीर' म्हणून सत्कार ठरला. गावात मराठी घेऊन बी.ए. झालेली धनश्री एकटीच, म्हणून उपसरपंच मानसिंगरावांनी मानपत्र लिहायचं काम तिच्या गळ्यात घातलं. 'भीती हा शब्दच ज्यांना ठाऊक नाही', तिनं लिहिलं आणि तात्यांना वाचून दाखवलं.

"येवढी वळ काढ, पोरी."

"का हो?"

"दिवाळीत बुडालेल्या त्या पोराला काढताना जुन्या बांधाच्या दगडांत पाय अडकला माजा. सुटंना. तवापासनं पानी बगितलं की पाय मागं सरतो."

तिनं ओळ काढली नाही. तिला तो विनय वाटला, असं ती सगळ्यांना सांगते. खरं कारण वेगळंच आहे. वाक्य छान जमलं होतं. ते तात्यांच्या फोटोखाली फ्लेक्सवरही गेलं.

सत्काराची शाल खांद्यावर घेऊन तात्यांनी माईक मागितला.

"पोरीनं चांगलं लिवलंय, पन ते खरं न्हाई. मला भ्या वाटतं. लई वाटतं. हितनं म्होरं म्या उतरनार न्हाई. दोर धरीन."

"तात्या, यात्रेची जरा जास्त झाली का?" मागून कुणीतरी म्हणालं. मांडव हसला. "तात्यांचा स्वभावच विनोदी," म्हणत मानसिंगरावांनी माईक काढून घेतला.

बारा दिवसांनी सहलीला आलेला एक मुलगा बुडाला. कळेपर्यंत दोन तास उलटून गेले होते. वाचवायचं काही उरलं नव्हतं, काढायचं होतं. तात्या आले. काठच्या जांभळीला दोर बांधला आणि दुसरं टोक हातात घेऊन बसले. चपला पायांतच होत्या.

"त्याची आई रडतीया तिकडं," मानसिंगराव म्हणाले. "जरा लाज वाटू द्या."

"कोन बी उतरा. दोर म्या सोडत न्हाई."

"मग बांगड्या भरा."

तात्यांची बायको बयाबाई मागंच उभी होती. "कासाराला सांगावा धाडते," ती म्हणाली. "तुमी समदे किती, चाळीस ना? चाळीस जोड लागतील."

कुणी हसलं नाही. कुणी उतरलंही नाही. चाळीस धडधाकट गडी मोबाईल वर धरून काठावर उभे होते. मुलाला दुसऱ्या दिवशी बाहेरच्या पथकानं काढलं. तोवर तात्या हातात दोर धरून बसल्याचा व्हिडिओ भोरपर्यंत पोहोचला होता. खाली लिहिलं होतं, 'हा बघा जलवीर'.

सत्तावीस वेळा हा माणूस उतरला. एकदा नाही म्हणाला. गावानं एकच मोजलं. शूर कुणाला म्हणायचं ते या गावाला कळत नाही. धनश्रीलाही कळलं नव्हतं, आणि तिच्याकडे तर पदवी आहे. फ्लेक्सवर तात्यांच्या तोंडाला कुणी शेण फासलं. ती ओळ तेवढी स्वच्छ राहिली. तिनं विळा नेऊन फ्लेक्स फाडला. मानसिंगरावांनी विचारलं, तेव्हा म्हणाली, "लिहिलं मी होतं. फाडलंही मीच."

तात्या आता कापूरहोळला एका ढाब्यावर कणीक मळतात. फोनवर एवढंच म्हणाले, "हितं झोप लागती, पोरी."

जाण्याआधी ते काठानं दोर ताणून त्यावर रिकामे कॅन बांधत होते. पाणी कुठून खोल होतं, ते येणाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून. अकरा कॅन तरंगतात. बाराव्याच्या कडीतून दोरी ओवलेली आहे, गाठ मारायची राहिली आहे. पुढचं पाणी मोकळंच आहे.